कोळसा कमी झाला तर रात्रपाळी चालेल का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ एमआयडीसीत छोटा कारखाना चालवतात. ते म्हणतात: शेजारच्या गावात सौर प्रकल्प झाला, शेतीपंपांना दिवसा वीज मिळू लागली, ते छानच झालं. पण उद्या कोळशाचे संच बंद होत गेले तर आमच्या रात्रपाळीचं काय? स्पेनमध्ये २०२५ साली अख्खा देश अंधारात गेला, तसं इथे होईल का? आणि छतावर पॅनेल बसवली तर डिझेल जनरेटर विकून टाकू का?

माझी सगळी नोकरी लोड डिस्पॅचमध्ये झाली. राज्यात या क्षणी किती वीज लागते आणि ती कुठून आणायची, हे बघणारी मंडळी आम्ही. त्यामुळे उत्तर त्या खुर्चीतून देतो. पर्यावरणाची बाजू मांडणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक बरेच आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘वीज पुरेल का’ आणि ‘वीज टिकेल का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला वर्षभराच्या युनिटांचा हिशेब आहे आणि त्यात आपण फारसे कमी पडणार नाही. देशाच्या स्थापित क्षमतेत कोळसा, गॅस, डिझेल सोडून बाकीच्या स्रोतांचा वाटा २०२५ च्या मध्यात निम्म्यावर गेला. लक्षात घ्या, हा वाटा क्षमतेतला आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत कोळसा अजूनही बराच पुढे आहे. दुसरा प्रश्न सेकंदांचा. ग्रिडवर, म्हणजे सगळी वीजकेंद्रं आणि ग्राहक जोडणाऱ्या जाळ्यावर, जेवढी मागणी आहे तेवढीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. जुळलं तर फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झ. आपल्या ग्रिड कोडप्रमाणे ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहायला हवी. निर्मिती कमी पडली की ती घसरते, आणि ४९.४ ला आली की उपकेंद्रांतले रिले (आपोआप चालणारे संरक्षक स्विच) कुणाला न विचारता फीडर, म्हणजे तिथून निघणाऱ्या वाहिन्या, तोडायला लागतात. चंद्रपूरचा ५०० मेगावॅटचा संच अचानक बंद पडला तर बाकीच्या संचांची फिरती वजनं पहिले काही सेकंद तो धक्का पचवतात, मग त्यांचे गव्हर्नर (वेग सांभाळणारी यंत्रं) वाफ वाढवतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारं असं काही नसतं, आणि काळजीची सुरुवात इथून होते.

पण सगळं खापर सौर-पवनवर फोडण्याआधी मागचं आठवून बघा. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही. साठ कोटींवर लोकांना फटका बसला. तेव्हा देशात सौरऊर्जा नावापुरती होती. कारण होतं ओव्हरलोड वाहिन्या आणि ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढणारी राज्यं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या गेल्या आणि संकटात मुंबईला ग्रिडपासून वेगळं काढून चालू ठेवणारी आयलँडिंगची व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही. तिथेही उन्हावाऱ्याचा काही संबंध नव्हता. आणि कोळसा म्हणजे हमखास, असंही नाही. परळीचे संच २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद करावे लागले होते. २०२१ च्या ऑक्टोबरात आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये देशभर कोळशाच्या साठ्यांची काय दशा झाली होती, ते कारखानदारांना वेगळं सांगायला नको.

आता स्पेन. २८ एप्रिल २०२५, दुपारी साडेबारा. लख्ख ऊन, वीज गरजेपेक्षा जास्तच. तिथे व्होल्टेज वाढत गेलं. वाढलेल्या व्होल्टेजमुळे काही प्रकल्प संरक्षणासाठी बाहेर पडले, त्यामुळे व्होल्टेज आणखी चढलं, आणखी प्रकल्प गेले. काही सेकंदांत स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही बंद. ‘सौरमुळे झालं’ आणि ‘सौरचा काही दोष नाही’ अशी दोन्ही टोकं तेव्हा ऐकू आली. तपासात जे पुढे आलं ते दोन्ही बाजूंना गैरसोयीचं आहे. व्होल्टेज आवरण्याची जबाबदारी ज्या पारंपरिक संचांवर होती त्यांतल्या काहींनी अपेक्षित काम केलं नाही, आणि सौर-पवन प्रकल्पांना व्होल्टेज सांभाळायचं कामच नियमांनी दिलेलं नव्हतं. त्यांचे इन्व्हर्टर (तयार झालेली वीज ग्रिडजोगी करणारी यंत्रं) ते करू शकत होते. सांगितलं नव्हतं म्हणून केलं नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा प्रसंग याच जातीचा. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात उच्चदाबाचे मनोरे कोसळले. व्होल्टेजला लागोपाठ झटके बसले आणि पवनचक्क्यांच्या गटांनी ४५६ मेगावॅट एकदम सोडून दिले, कारण ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके बसले की बंद व्हायचं, असं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं होतं. ग्रिड चालवणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं. सगळं राज्य अंधारात गेलं. नंतर ते सेटिंग बदललं. चक्क्या त्याच राहिल्या.

आपल्याकडेही असा इशारा मिळालेला आहे. राजस्थानात भडला-फतेहगड भागात वाहिनीवर साधा दोष आला तरी हजार मेगावॅटहून जास्त सौर निर्मिती क्षणात गळाल्याचे प्रसंग २०२२ पासून नोंदले गेले. ग्रिड मोठा म्हणून तो तरला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाला जोडला गेला आणि सगळा भारत एका फ्रिक्वेन्सीवर आला. इतक्या मोठ्या ग्रिडला दोन-तीन हजार मेगावॅटचा धक्का सोसतो. स्पेनला फ्रान्सकडून मिळणारा आधार त्या मानाने तुटपुंजा आहे. म्हणून तसंच्या तसं इथे होईल असं मला वाटत नाही, पण एखाद्या भागापुरतं व्होल्टेज कोसळणं किंवा चढणं अगदी शक्य आहे. त्याची तयारी म्हणजे प्रकल्प जोडून घेताना चाचणी कडक घेणं, दोष आल्यावर इन्व्हर्टर तग धरतो का ते कागदावर नाही तर जागेवर तपासणं, आणि चुकलं तर दंड. कंटाळवाणं काम आहे. उद्घाटनाची फीत याला लागत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

तुमच्या रात्रपाळीचा खरा संबंध मात्र संध्याकाळी सहा ते दहाशी आहे. दुपारी सौर भरात असताना कोळशाचे संच खाली आणावे लागतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार संच ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता आला पाहिजे आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ५०० मेगावॅटचा संच दुपारी २७५ वर रेंगाळतो. चार वाजल्यापासून सौर उतरायला लागतं, साडेसहा-सातला शून्य. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, गीझर, एसी सुरू होतात. मग तो संच चढवायचा. मिनिटाला एक टक्का, म्हणजे पाच मेगावॅट, या गतीने २२५ मेगावॅट चढायला पाऊण तास लागतो. नियम यापेक्षा जास्त गती मागतात, पण वीस-पंचवीस वर्षांचा बॉयलर रोज असा वरखाली केला की नळ्या गळायला लागतात, हे महानिर्मितीच्या कुठल्याही बॉयलरवाल्याला विचारा. आणि संच पूर्ण बंद करून ठेवावा म्हटलं, तर थंड बॉयलर पेटवून पूर्ण भारावर आणायला निम्मा दिवस जातो.

इथे महाराष्ट्राचं नशीब चांगलं आहे, कारण आपल्याकडे कोयना आहे. १,९६० मेगावॅट, आणि संच काही मिनिटांत पूर्ण भारावर. हे काय चीज आहे ते ५ एप्रिल २०२० ला देशाने पाहिलं. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. मागणी बारा-चौदा हजार मेगावॅटने पडेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ३१,००० मेगावॅटने पडली आणि लगेच परत चढली. देशातल्या जलविद्युत केंद्रांनी त्यांतले १७,००० मेगावॅटहून जास्त काही मिनिटांत उतरवून पुन्हा चढवले. कोळशाला हे जमलं नसतं.

पण कोयनेला एक लगाम आहे आणि तो बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलंय. १ जूनला नवं खातं उघडतं, ३१ मेला संपतं. ढोबळ हिशेब केला तर एवढ्या पाण्यात सगळे संच पूर्ण भाराने रोज चारेक तास चालतात. म्हणजे संध्याकाळची शिखर मागणी बरोबर भागेल एवढंच. डिसेंबरात एखादा मोठा औष्णिक संच बिघडला आणि त्याची भरपाई कोयनेतून दुपारीही काढली, तर एप्रिलच्या संध्याकाळी हात आखडतो. म्हणून शिफ्टमधला माणूस कोयनेचा संच सुरू करण्याआधी त्या दिवसापर्यंत किती टीएमसी वापरलं, हा आकडा बघतो. सौर वाढल्याचा मोठा फायदा माझ्या मते इथे आहे: दुपारचं कोयनेचं पाणी वाचतं आणि ते संध्याकाळी वापरता येतं. सौर आणि कोयना हे एकमेकांचे स्पर्धक नाहीत, भागीदार आहेत.

याच कारणासाठी पंप्ड स्टोरेजचं एवढं बोललं जातंय. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी खालून वर चढवायचं, संध्याकाळी सोडून वीज काढायची. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, भिऱ्याला १५० मेगावॅटचा त्याआधीपासून. सह्याद्रीची उभी कडा हे यासाठी वरदान आहे. भावली, शिरवटा, भिवपुरी अशी नावं करारांत आहेत. पण डोंगर पोखरून असा प्रकल्प उभा राहायला पाच-सहा वर्षं लागतात, तेव्हा कराराच्या बातमीतले मेगावॅट पुढच्या उन्हाळ्याच्या हिशेबात धरू नका.

बॅटरी त्या मानाने झटपट बसते आणि तिचा प्रतिसाद सेकंदाच्या अंशात येतो, म्हणून अचानक धक्का पचवायला ती उत्तम. दक्षिण ऑस्ट्रेलियाने त्या अंधारानंतर सुमारे चौदा महिन्यांत हॉर्न्सडेलला बॅटरी उभी केली: १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तास. म्हणजे पूर्ण ताकदीने सव्वा तास. बॅटरीची कुठलीही बातमी वाचताना हे दोन्ही आकडे विचारा. नुसते मेगावॅट सांगणारा अर्धीच गोष्ट सांगतोय. आपल्या निविदांत दोन तासांच्या बॅटऱ्या बऱ्याच दिसतात. संध्याकाळी सहा ते दहा म्हणजे चार तास. दोन तासांची बॅटरी सातला सुरू केली तर नऊला रिकामी, आणि उन्हाळ्यात नऊनंतर तर एसीचा जोर असतो. दर थोडा जास्त पडला तरी चार तासांच्याच घ्याव्यात, असं माझं मत आहे.

आता शेतीपंप. शहरातल्या चर्चेत हे येतच नाही, पण महाराष्ट्राच्या ग्रिडमध्ये सगळ्यात मोठी हलवता येण्याजोगी मागणी हीच. कित्येक वर्षं शेतीफीडरला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री फेज, अशी आलटूनपालटून पाळी होती. रात्रीच्या पाळीत शेतकरी बिबट्या आणि सापाच्या भीतीत पाणी धरायला जायचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावच्या उपकेंद्राजवळच काही मेगावॅटचं सौर केंद्र बसवून ते फीडर दिवसावर आणले जातात. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचं ३ मेगावॅटचं केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं. शेतकऱ्याची सोय झालीच, पण डिस्पॅचच्या नजरेतून बघितलं तर रात्रीची हजारो मेगावॅटची मागणी उन्हाच्या वेळेत सरकली. एकही बॅटरी न घेता. पावसाळी ढगांत सौर घटतं तेव्हा पंपांची गरजही घटलेली असते, हा आणखी एक फायदा.

अर्थात जमिनीवर चित्र इतकं गुळगुळीत नाही. उपकेंद्रात सकाळी शेतीफीडर चालू करताना बघा एकदा. पंपांना ‘ऑटो’ बसवलेले असतात, वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. ऑपरेटरने ब्रेकर टाकला की फीडरवरच्या शेकडो मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, त्यात पंपांना व्होल्टेजला आधार देणारे कपॅसिटर नसतात किंवा जळून गेलेले असतात, मोटरी घुं-घुं करत गरम होतात आणि दुपारपर्यंत एखादी डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळते. उलट, ऐन पावसाळ्यात पंप बंद आणि मध्येच कडक ऊन पडलं की त्याच फीडरवर सौरची वीज उलटी वर चढते आणि व्होल्टेज वाढतं. स्पेनचा प्रश्न छोट्या रूपात आपल्या गावच्या अकरा केव्हीच्या वाहिनीवर आहे, तो असा. उपाय महाग नाहीत: ऑटोला मागेपुढे सुरू होणारा टायमर, डीपीवर चालू स्थितीतला कपॅसिटर आणि सौर इन्व्हर्टरला व्होल्टेज सांभाळायची सेटिंग. पण कपॅसिटर शाबूत आहे का हे बघायला वायरमन लागतो, आणि एका वायरमनकडे किती गावं आहेत ते तुम्ही तुमच्या गावात मोजून बघा.

वर्षात धोक्याचा काळ कोणता? बहुतेकांना मे वाटतो. मला ऑक्टोबर वाटतो. पावसाळ्यात सातारा, सांगली, धुळ्याच्या पठारांवर पवनचक्क्या जोरात असतात आणि मागणी कमी असते. सप्टेंबर सरला की वारा पडतो. ऑक्टोबर हीटमुळे एसी चालू, पाऊस लवकर गेला तर पंपही चालू, आणि खाणीतला कोळसा अजून ओला. संचांची वार्षिक दुरुस्ती पावसाळ्यातच उरकायची असते, ती लांबली की याच महिन्यात अडचण होते. त्यामुळे जुने औष्णिक संच लगेच मोडीत काढू नयेत, वर्षातले काही आठवडे हाताशी ठेवावेत, असं मी म्हणेन. कमी चालवा, पण ठेवा. त्यांचा स्थिर आकार, म्हणजे संच चालो न चालो द्यावी लागणारी रक्कम, भरावा लागेल. तो विम्याचा हप्ता समजावा. आणि जो संच खरोखर निवृत्त होईल, त्याचं जनित्र सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून नुसतं फिरतं ठेवता येतं का हे तपासावं. कोळसा न जाळता ते व्होल्टेजही सांभाळतं आणि फिरतं वजनही देतं.

वाहिन्यांबद्दल थोडक्यात. मुंबईत जागा नाही, बाहेरून वीज आणायला वाटा मोजक्या. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी सुरू झाली तेव्हा जरा मोकळा श्वास मिळाला. गोव्याकडे स्वतःची निर्मिती जवळपास नाही, आणि मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या नव्या वाहिनीला तिथल्या लोकांचा विरोध. विरोधाची कारणं खरी आहेत आणि वाहिनीची गरजही खरी आहे. सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो, वाहिनीला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, म्हणून आधी वाहिनी आखावी हे वारंवार सांगूनही क्रम उलटाच राहतो.

तर तुमची रात्रपाळी. पुढच्या काही वर्षांत ती अंधारात जाईल असं मला वाटत नाही. ती महाग होईल. दर आताच त्या दिशेने वळलेत: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच स्वस्त, त्यानंतर चढे. भट्टी, कॉम्प्रेसर, चिलर असं जे पुढेमागे करता येईल ते दिवसा घ्या. रात्रीच चालवायचं असेल तर मध्यरात्रीनंतरचा स्लॉट संध्याकाळपेक्षा बरा. उच्चदाब जोडणी असेल तर केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं, तेव्हा कपॅसिटर पॅनेल तपासून घ्या.

आणि जनरेटर. विकू नका. छतावरचं साधं सोलर ग्रिड गेला की स्वतःही बंद होतं, भर दुपारी सुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी तरतूदच असते. ‘पॅनेल आहेत तरी अंधार कसा’ ही तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. बसवणाऱ्याने हे आधी सांगितलेलं नसतं. ग्रिड नसताना चालायचं असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर आणि वेगळा चेंजओव्हर (ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर नेणारा स्विच) लागतो. पॅनेल आणि जनरेटर एकत्र चालवणार असाल तर मध्ये कंट्रोलर घालायला सांगा, नाहीतर भार कमी असताना सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते आणि जनरेटर ट्रिप होतो किंवा बिघडतो. कोटेशनमध्ये तो कंट्रोलर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. बहुतेक वेळा तोच गाळलेला असतो.